विकाचे एकोणीस सेकंद

मिंटो, सिडनी
७ ऑक्टोबर २००७

आत्या,

देवाच्या दयेने याही रविवारपर्यंत आम्ही धडधाकट पोचलो. एवढं लिहिलं की तुमची रीत पुरी झाली, आता कामाचं बोलते.

२९ मार्चला बाबांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी तिकडे वावाउ बेटावर तुम्ही सगळे काळे कपडे उतरवणार, आणि मला रजा नाही. वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात अठरा वर्षं चादरी धुतेय, पण बाबांच्या मातीला आले तेव्हाच सगळी रजा संपली. म्हणून मी येणार नाही, बाबांना पाठवणार आहे. हसू नका. मी इथल्या वाचनालयात शिकून घेतलंय. जुने फोटो कॉम्प्युटरमध्ये चढवायचे, ओळीने लावायचे, मागे चर्चमधलं गाणं घालायचं आणि डीव्हीडी करायची. ती टीव्हीला लावली की फोटो आपोआप एकामागून एक येतात, प्रत्येक सहा सेकंद थांबतो. इथल्या आपल्या लोकांत आता माझ्या डीव्हीडीशिवाय कुणाची साठी साजरी होत नाही. मोठेपणा सांगत नाही, खरं तेच सांगतेय.

तर बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतले सगळे फोटो इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवा. फोन करणार नव्हते. फोन कितियोनेदादाच्या घरात, तिथे एक बोललं की सात जण ऐकतात, आणि तुम्हाला फोनमध्ये फक्त समुद्र ऐकू येतो.

तुमची पिसिला


वावाउ
११ नोव्हेंबर २००७

पिसिला,

देव तुझं रक्षण करो, आणि जरा अक्कलही देवो. आपल्या माणसाला देवाची चार वाक्यंसुद्धा नीट लिहिता येत नाहीत, याला काय म्हणावं?

फोटो पाठवतेय, चौसष्ट आहेत. ओले करू नकोस. पहिला फोटो माझा घाल. मी तुझ्या बापाची थोरली बहीण, तुमच्या घरात माझ्या वर कुणी नाही, हे टीव्हीलाही कळू दे. पांढऱ्या टोपीतला घाल, त्यात मी बरी दिसते.

नऊ फोटोंना भोकं आहेत. का ते विचारू नकोस, तुला माहीत आहे. कितियोने म्हणाला, "विकाचं बोट जरी दिसलं तरी टीव्ही फोडीन." टीव्ही त्याचाच आहे, म्हणून मी गप्प बसले. त्याचं म्हणणं तुला कळवलंय. माझं म्हणणं तू विचारलेलं नाहीस.

लोसालिने


मिंटो
२ डिसेंबर २००७

आत्या,

फोटो मिळाले. भोकं पाहिली. काय सफाईने कापलंय हो! खांद्यावरून, कानामागून, बाबांच्या हाताला धक्का न लावता. कात्री चालवणाऱ्याचा हात काही थरथरला नाही.

तीन दिवस मी त्या फोटोंना हात लावला नाही. मग विचार केला, विकाने, माझ्या धाकट्या बहिणीने, केलं तरी काय? प्रवचनकाराच्या मुलाशी लग्न ठरवलं दादाने, शब्द दिला दादाने, डुकरं कापली दादाने. ती अठरा वर्षांची पोर आदल्या रात्री स्वतःच्या पसंतीच्या फेलेतीच्या होडीत बसून त्याच्या बेटावर निघून गेली. दादाचं नाक कापलं गेलं, मान्य. पण म्हणून एकोणीस वर्षं? मातीच्या दिवशी ती जेटीवर आली होती, आत्या. केस कापलेले, कमरेला फाटकी चटई, जशी मुलीने बापासाठी गुंडाळायची तशी. दादाच्या माणसांनी तिला पायरीवरूनच होडीत परत बसवलं. मी वीस पावलांवर होते. मी तोंड उघडलं नाही. बोलले असते तर कुणी मला खाल्लं नसतं. या गोष्टीची मला इतकी लाज वाटते की धोबीखान्यात एकटी असले की स्वतःलाच शिव्या घालते.

तेव्हा आता ऐका. फोटो यंत्राच्या काचेवर पालथा ठेवतात आणि वरून झाकण लावतात. भोकातून झाकणाचा पांढरा रंग येतो, माणूस धुऊन टाकल्यासारखा. ते मला बघवेना. मी प्रत्येक भोकामागे लाल कागद ठेवला. विका नको म्हणालात, विका नाहीये. पण जिथे ती होती तिथे कुणीतरी होतं, हे सगळ्यांना दिसेल. नऊ वेळा दिसेल.

नमुन्याची डीव्हीडी सोबत आहे. नाताळात पाहा. पहिला फोटो तुमचाच आहे, पांढऱ्या टोपीतला.

पिसिला


वावाउ
१३ जानेवारी २००८

पिसिला,

काय करून ठेवलंस गं बये!

नववर्षाच्या प्रार्थना संपल्यावर तुझी तबकडी लावली. भाऊ-बहिणींनी एका खोलीत टीव्ही बघायचा नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण मी म्हटलं, बापाचेच फोटो आहेत, चर्चमध्ये बसल्यासारखं बसा. पुरुष दाराकडे, बायका खिडकीकडे, मध्ये मी. माझा फोटो आला, सगळे वाहवा म्हणाले. इथवर ठीक होतं.

चौथा फोटो कुठला घातलास? तुझे आईबाप, लग्नाच्या दिवशी, तोंडाला तोंड लावून! तो कुणा गोऱ्या पालांगी माणसाने काढलेला, ट्रंकेच्या तळाशी होता तो तिथेच राहायला हवा होता. भावांसमोर आणि बहिणींसमोर एकदमच! कितियोने उठला तो सरळ स्वयंपाकघरातून बाहेर, वाटेत रताळ्यांची परात लवंडली. दोघी पोरी खिडकीतून उड्या टाकून गेल्या. एक जण माझ्या पायावर पाय देऊन गेला. सहा सेकंद म्हणे! ते सहा सेकंद मी एकटीने टीव्हीकडे बघत काढले. ऑस्ट्रेलियात राहून तुझी लाज धुण्याच्या यंत्रात गेली का?

पुन्हा सगळ्यांना गोळा करून बसवलं, तर तुझा लाल कागद सुरू झाला. पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. तिसऱ्यांदा कितियोनेची धाकटी मुलगी म्हणाली, "ही लाल बाई कोण?" कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. मग पोरं मोजायलाच लागली. "लाल बाई पाच! लाल बाई सहा!" नऊ होईपर्यंत कितियोने थांबला नाही. तबकडी काढली, जेटीवर गेला आणि समुद्रात भिरकावली.

आता त्याचा हुकूम असा आहे. दोन तबकड्या कर, एक भावांची, एक बहिणींची. दोन्हींत मुका नको आणि लाल काही नको. भोकवाले फोटो गाळून टाक. नाही ऐकलंस तर २९ तारखेला तुझ्या नावाने आलेली आहेराची चटई कुणी स्वीकारणार नाही, तुझं नावही घेतलं जाणार नाही.

मी तुझ्यावर रागावले आहे. पायाचा अंगठा अजून दुखतो.

लोसालिने


मिंटो
२७ जानेवारी २००८

आत्या,

अंगठ्यासाठी मलम पाठवतेय. मुक्यासाठी माफी मागते, ती चूक माझीच. इतकी वर्षं इकडे राहून डोळ्यांना सवय झाली, लक्षातच आलं नाही.

लाल कागदाची माफी मागणार नाही. मेले तरी नाही. माझं नाव घ्यायचं नसेल तर नका घेऊ. एका बहिणीला पुसलंत, दुसरीलाही पुसा, कात्री तुमच्या घरात आहेच. आणि हो, कात्री कुणाची होती तेवढं सांगा. दादाला सरळ रेघ कापता येत नाही, लहानपणी त्याच्या पतंगाचे कागद मीच कापून द्यायचे. ते काम तुमचं आहे, आत्या. तुमच्याशिवाय घरात एवढा नेटका हात कुणाचा नाही. ज्यांच्या एका शब्दावर आख्खं घर उठतं-बसतं, त्यांनी शब्द बोलायच्या जागी कात्री हातात घेतली, याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

दोन डीव्हीड्या हव्यात? देते. भावांच्या डीव्हीडीत दादाला हवं तेच घालते. बहिणींच्या डीव्हीडीत विका असेल. भाऊ ती कधी बघणारच नाहीत, रीतच आहे. दादाच्या हुकमातच त्याला गुंडाळते.

पण एक अडचण आहे. माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही. काल आरशासमोर उभी राहून तिचा चेहरा आठवायला गेले, तर मला माझाच दिसत राहिला. माझ्या धाकट्या बहिणीचा चेहरा मला आठवत नाही. तुमच्याकडे कुठे एखादा उरला असेल तर द्या. नसेल तर तेही सांगून टाका.

पिसिला


वावाउ
१७ फेब्रुवारी २००८

पिसिला,

मलम बरं आहे. जिभेलाही काही लावायचं असेल तर स्वतःसाठी आण.

कात्री माझी. कापलं मीच.

तू तेव्हा सिडनीलाच होतीस. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी कितियोने ट्रंक उचलून अंगणात घेऊन आला. खड्ड्यात दगड अजून तापलेलेच होते, लग्नाच्या डुकरांसाठी पेटवलेले. सगळे फोटो त्यात टाकणार होता, तुझ्या आईच्या फोटोंसकट. तुझा बाप ओट्यावर बसून पायांकडे बघत होता. माझा भाऊ होता तो, माझा जीव होता त्याच्यावर, पण अशा वेळी तो नेहमी पायांकडेच बघायचा. मग मी ट्रंकेवर जाऊन बसले. म्हटलं, "आधी मला जाळ." आत्याला हात कोण लावणार? तासभर बसले. शेवटी कितियोने म्हणाला, "निदान तिला तरी काढून टाका." मी म्हटलं, काढते. सगळ्यांसमोर कापलं. तुकडे मुठीत धरले. मूठ उघडून दाखव म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

नऊ तुकडे बायबलमध्ये ठेवले होते, एकोणीस वर्षं. ते सोबत पाठवतेय. एकाचा कान थोडा दुमडलाय, सांभाळ. दहावा फोटो आख्खा आहे. तुझा बाप, विका आणि तिचा मुलगा, फेलेतीच्या बेटावर, होडीजवळ. तुझा बाप दरवर्षी जूनमध्ये चार दिवस मासेमारीला जायचा ना? कधी एक मासा तरी आणला का त्याने? मला माहीत होतं. मीच त्याच्या टोपलीत तारोचे कंद आणि पोराला कपडे भरून द्यायचे.

म्हणजे बोलले मीही नाही. तू वीस पावलांवर गप्प राहिलीस, मी घरात बसून गप्प राहिले. तुझी लाल बाई पाहिली त्या दिवशी पोरीने विचारलं, ही कोण, तेव्हा माझ्या तोंडात उत्तर होतं आणि मी ते गिळलं. म्हणून रागावले होते तुझ्यावर. तुझ्यावर म्हणजे कुणावर, ते तुला कळेल.

आता दोन तबकड्यांचं. मुळीच नाही! एकच कर. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई मी, माझ्या भावाच्या लेकीचा चेहरा चोरून बघू? बायकांच्या खोलीत दार लावून? भावाने बहिणीचा मान राखायचा, ही आपली रीत. मान राखायचा म्हणून एका खोलीत टीव्ही बघायचा नाही. आणि बहिणीला बापाच्या मातीवरून, जेटीवरून हाकलायचं, ही कुठली रीत? कितियोनेला रीत हवी ना, मग पुरी घे म्हणावं. २९ तारखेला फाहूचा मान माझा, थोरल्या बहिणीचा. त्या दिवशी मी जे मागेन त्याला नाही म्हणायचं नसतं. मी काय मागणार ते तबकडीपुरतं तुला सांगितलं. बाकीचं माझं मी बघते.

मुका काढ.

लोसालिने


मिंटो
४ मार्च २००८

आत्या,

तुमचं पत्र कामावर जाताना बसमध्ये वाचलं आणि उतरायची जागा चुकले. मागच्या पत्रात जे लिहिलं त्याबद्दल तुमच्या पायावर डोकं ठेवते, दुखऱ्या अंगठ्याला न लागता.

नऊही तुकडे जागच्या जागी बसले. स्वयंपाकाच्या टेबलावर चिमट्याने बसवले, श्वास रोखून. कापल्याच्या रेघा दिसतात. कॉम्प्युटरमध्ये त्या पुसता येतात, वाचनालयातल्या बाईने ते दाखवलंही होतं. मी पुसलेल्या नाहीत. कापलं होतं हे दिसलंच पाहिजे.

तिच्या डाव्या भुवईवर व्रण आहे, तोही मी विसरले होते. माझ्याच हातून झाला होता, शिंपला फेकताना.

सगळे फोटो सहा-सहा सेकंदांचे आहेत. होडीजवळचा शेवटी ठेवलाय आणि त्याला एकोणीस सेकंद दिलेत, वर्षाला एक. त्यावर गाणंही नाही. कुणी म्हणेल यंत्र अडकलं, तर हात लावू देऊ नका.

विकालाही पत्र टाकलंय, होडीच्या भाड्यासकट. लिहिलंय, जेटीवर थांबू नकोस, पायऱ्या चढ. ती येईल का माहीत नाही. मी असते तर आले नसते. पण ती माझ्यापेक्षा धीट आहे, अठराव्या वर्षीच होती.

पिसिला


वावाउ
६ एप्रिल २००८

पिसिला,

देव तुझं भलं करो, तुझ्या लेकरांचं भलं करो, त्या वाचनालयातल्या बाईचंही भलं करो. आता सविस्तर लिहिते, मध्ये मध्ये डोळे पुसावे लागतात म्हणून अक्षर वाकडं आहे.

सकाळी प्रार्थना झाल्या, कबरीवर नवी पांढरी वाळू घातली, काळे कपडे उतरले. जेवणं झाली. मग मी सगळ्यांत वरच्या जागी बसले आणि म्हटलं, मला माझ्या भावाचे फोटो बघायचेत, आणि सगळ्यांबरोबर बघायचेत. कितियोने म्हणाला, "आत्या, भाऊ-बहिणी एकत्र कसे बसतील?" मी म्हटलं, "ते मी बघितलंय." माझ्या मढ्यावर घालायला ठेवलेली पांढरी चादर मी आधीच आंब्यापासून खांबापर्यंत बांधून ठेवली होती. शाळेतून भिंतीवर चित्र पाडायचं यंत्र मागवलं होतं. एका बाजूला बहिणी, एका बाजूला भाऊ, मध्ये चादर. कुणी कुणाला दिसत नाही, फोटो दोघांनाही दिसतात. रीत जराही मोडली नाही. कितियोने चादर दोन्ही बाजूंनी बघून आला आणि भावांकडे जाऊन बसला.

दिवेलागणीला सुरू केलं. यंत्र आम्हा बायकांकडे, त्यामुळे भावांना सगळं उलटं. पलीकडून कितियोने ओरडला, "बाबांचं नाव उलटं दिसतंय!" मी म्हटलं, "मग तू सरळ हो." पोरं खिदळली.

विकाचा पहिला तुकडा आला. दुसरा आला, तिसरा आला. कितियोनेची धाकटी म्हणाली, "आजी, लाल बाईला तोंड आलं!" या वेळी मी गिळलं नाही. म्हटलं, "ती विका आहे. तुझी आत्या आहे. मी तुझ्या बापाची आहे तशी." मोठ्याने म्हटलं, चादरीपलीकडे जाईल असं. तिकडे कुणीतरी उठल्याचं ऐकू आलं, पण पावलं काही दूर गेली नाहीत.

ती दुपारीच आली होती गं. पायऱ्या चढून. माझ्या झोपडीत बसवली होती, कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटचा फोटो लागला, गाणं थांबलं, तेव्हा ती बाहेर आली. तिला बापाचा चेहरा जवळून बघायचा होता, म्हणून चालत थेट चादरीपर्यंत गेली. यंत्राच्या उजेडात उभी राहिली आणि तिची सावली पडली, होडीशेजारी, बापाच्या शेजारी. दोन्हीकडून दिसली. तुझे एकोणीस सेकंद मी मनात मोजत होते. सात की आठ झाले असतील.

कितियोने खेकसला, "मध्ये कोण उभं आहे? बसा खाली!"

मी म्हटलं, "एकोणीस वर्षं उभीच आहे ती. बसायला चटई दे."

पिसिला, मला वाटलं, आता हा निघून जाणार आणि माझी इतक्या वर्षांची पत मातीत जाणार. गेली असती तर गेली असती, मी ठरवूनच बसले होते. फोटो संपला. पडदा नुसता पांढरा झाला. आणि त्या चादरीच्या खालून, जमिनीवरून, एक चटई सरकत आमच्याकडे आली. दुसरी कुठली नाही, तो स्वतः बसला होता ती. अजून गरम होती.

विका तिच्यावर बसली. रडली नाही. म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून लावा, मी सुरुवात पाहिली नाही." ती पुन्हा लावली, आणि कितियोने पलीकडे ओल्या मातीवर बसून सगळं बघत होता, उलटं.

तो अजून तिच्याशी बोललेला नाही. काल माझ्याकडे आला, इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, आत्या, पिसिलाला सांगा, एक तबकडी माझ्या घरीही हवी. त्याला एक पाठव. पण आधी ती लाल कागदाची पाठव, समुद्रात टाकली होती तशीच, नऊच्या नऊ. ती त्याने पोरांना जवळ घेऊन शेवटपर्यंत बघावी आणि लाल बाई कोण ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. मग दुसरी देईन.

माझी चादर खाली मातीने मळली आहे. धुणार नाही. तशीच घाला माझ्यावर.

लोसालिने